लिंबाच्या वासाची रोपे: बियांपासून कोणती उगवतात, कोणती नाहीत?

ऑनलाइन बियाणे विकणाऱ्यांकडे ‘लेमन’ नावाची अनेक पाकिटे दिसतात. लेमन बाम, लेमन बेसिल, लेमन थाइम, लेमन व्हर्बिना... पण यातली सगळीच झाडे बियांपासून लावण्यात अर्थ नसतो. पैसे खर्च करण्याआधी हे वाचा.

हा वास येतो कुठून?
पानांतल्या सुगंधी तेलात सिट्रल नावाचा घटक असतो. गवती चहाला येणारा वासही त्याचाच. म्हणून लिंबाशी नाते नसलेली झाडेही लिंबासारखी दरवळतात.

बियांपासून काय लावावे?
लेमन बेसिल : आपल्या हवेत सर्वांत सोपे. ही सब्जाच्याच कुळातली संकरित जात. बी भिजले की सब्जासारखेच बुळबुळीत होते. अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. उबेत 5 ते 10 दिवसांत उगवते. पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात. किराणा दुकानातला सब्जा पेरला तर तोही उगवेल, पण त्याला लिंबाचा वास येणार नाही.

लेमन बाम : पुदिन्याच्या कुळातले. शास्त्रीय नावातला ‘मेलिसा’ हा ग्रीक शब्द, अर्थ मधमाशी. बी अगदी बारीक असते आणि त्याला उगवायला उजेड लागतो. मातीवर टाकून हलकेच दाबा, झाकू नका. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात.

लेमन मिंट (मोनार्डा) : मूळ अमेरिकेच्या दक्षिण भागातले व उत्तर मेक्सिकोतले. एकावर एक मजले चढावेत तशी गुलाबी-जांभळी फुले येतात. भरपूर ऊन हवे. बी वरवरच पेरा.

कोणती पाकिटे टाळावीत?
लेमन थाइमचे बी लावले तरी रोपाला तोच वास येईल याची खात्री नसते. लेमन व्हर्बिनाही फांदीपासूनच करतात. या दोन्हींची तयार रोपे घ्या. गवती चहाचे ठोंब लावतात.

कधी पेरावे?
लेमन बाम आणि लेमन मिंट पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लेमन बेसिल कडाक्याची थंडी सोडून केव्हाही. एप्रिल-मेमध्ये लेमन बामची कुंडी दुपारच्या उन्हातून सावलीत हलवा.

रोपे का मरतात?
बहुतेक वेळा जास्त पाण्याने. झारीच्या धारेने बारीक बी वाहून जाते किंवा खोल गाडले जाते. सतत ओल राहिली की कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. म्हणून तळाला भोके असलेला ट्रे थोडा वेळ पाण्यात ठेवा. माती वरपर्यंत भिजली की बाहेर काढा. कोकोपीटमध्ये गांडूळखत मिसळले तरी पुरते. रोपांना चार-सहा पाने आली की कुंडीत हलवा.

फुले ठेवावीत की खुडावीत?
चहासाठी पाने हवी असतील तर लेमन बेसिलचे तुरे दिसताच खुडा; फांद्या फुटतात, पाने वाढतात. मधमाश्यांसाठी एखादे झाड फुलू द्या. मात्र घरचे बी धरायचे असेल तर जवळ सब्जा किंवा दुसरे बेसिल फुलात नको. परागकण मिसळले की पुढच्या पिढीत लिंबाचा वास हरवू शकतो. रोप लहान असतानाच पान चुरडून वास घ्या. ज्याला वास नाही, ते उपटून टाका.