सहलीआधीचा फेरा

सकाळी सव्वासहा. पालघरच्या पाचबत्तीजवळ स्कूटर लावते तेव्हा डबे घेऊन स्टेशनकडे पळणारी माणसं मला वळसा घालून जात असतात. आठवीची क्षेत्रभेट पुढच्या आठवड्यात. त्याआधी सगळी ठिकाणं एकदा पायाखालून घालायची, हा माझा नेम. वहीत दोन रकाने आखलेत. पहिल्यात काय दाखवायचं ते. दुसऱ्यात बस कुठे वळेल, सावली कुठे, पिण्याचं पाणी कुठे, मुलींना शौचालय कुठे. सहल कुठे जाणार हे बहुतेक वेळा दुसरा रकानाच ठरवतो.

१४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि पाच जण गेले. काशिनाथ पागधरे सातपाटीचे, रामचंद्र चुरी मुरब्याचे, गोविंद ठाकूर नांदगावचे, सुकुर मोरे सालवडचे आणि रामप्रसाद तेवारी पालघरचेच. दरवर्षी १४ ऑगस्टला गाव इथे जमतं, भाषणं होतात, मुलं रांगेत उभी राहून कंटाळतात. मला भाषण करायचं नाही. मी नकाशा देणार आणि एवढंच सांगणार की ही पाच गावं शोधा, त्यातलं पालघर सोडून बाकी चार ठिकाणांहून इथवर किती चालावं लागत असेल ते मोजा. माझ्या हजेरीपटात पागधरे आहेत, चुरी आहेत, मोरे आणि ठाकूरही आहेत. घरी आजीला विचारून या म्हटलं की पुस्तकात नसलेलं काहीतरी वर्गात येतंच. कधीकधी ते पुस्तकाशी जुळत नाही, मग आणखी बरं.

साडेसात. शिरगाव. किल्ला अगदी वस्तीला लागून, पलीकडे समुद्र. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ च्या आरंभी हा पट्टा मराठ्यांकडे आला. त्याआधी इथे पोर्तुगीज होते. तट, बुरूज, आत शिरल्यावर मोकळं आवार. मुलांना इतिहासाआधी दिसतं ते फांद्या फुटलेलं ताडाचं झाड. साधा ताड सरळसोट वर जातो, हा मात्र दुभंगत जातो. कुणी त्याला रावणताड म्हणतं. मागे एका सहलीत मुलांनी अर्धा तास झाडाखालीच काढला आणि मी त्यांना हलवलं नाही. या किनाऱ्यावर झाडंही इतिहासाइतकीच मिश्र, हे त्यांना पुढे कधीतरी कळेल.

दुसरा रकाना: बस वस्तीबाहेर थांबवावी लागेल. शौचालय नाही. किनाऱ्यावर उतरायचं नाही, कारण २०१६ साली मुरूडला विद्यार्थी बुडाल्यावर सहलींचे नियम कडक झालेत आणि ते योग्यच आहे. किल्ल्याशेजारच्या घरातल्या मावशी अंगणात सडा घालत होत्या. मी विचारलं, पन्नास मुलं आली तर? त्या म्हणाल्या, ‘‘पोरींना पाठवा आमच्याकडे, बाई. पोरांचं तुमचं तुम्ही बघा.’’

नऊच्या सुमाराला सातपाटी. इथे थांबणं माझ्या यादीत नाही, पण पाव आणि चहा इथेच बरा मिळतो. वलांडीवर बोंबील टांगलेले, खाडीपलीकडे मुरबे. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा केलं तेव्हा सातपाटीच्या लोकांनी म्हणे एकमेकांना विचारलं, म्हणजे आता भाव वाढणार का? मुलांना हे सांगायला मला आवडेल. सरकारी सन्मान आणि बाजारभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नागरिकशास्त्रात कुठे येत नाही.

साडेदहा, बोईसर. शेअर रिक्षांच्या गर्दीतून नवापूर रस्त्याने एमआयडीसीकडे. इथे बसने थांबायची जागा नाही आणि थांबून दाखवायचं काय, हा प्रश्न दरवर्षीचा. माझा आतेभाऊ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असतो. सुट्टीच्या दिवशी बायकोमुलांना घेऊन तो गावोगावची म्युझियमं बघत हिंडतो आणि मला फोटो पाठवतो. तिकडे म्हणे लहानशा गावातही इतिहास मंडळ असतं, एखादं जुनं घर जपलेलं असतं आणि शनिवारी कुणी निवृत्त बाई ते उघडून बसलेल्या असतात. मागे तो लोवेलला गेला होता. तिथल्या सूतगिरण्या बंद पडल्या आणि १९७८ साली त्या भागाचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. एका गिरणीत जुने माग अजून चालवून दाखवतात, आवाज इतका की बघणाऱ्यांना कानात घालायला बोळे देतात. ‘‘तुमच्या बोईसरला असं काही आहे का गं?’’ त्याने विचारलं. मी म्हटलं, आमचे माग अजून चालू आहेत, बोळे मात्र कुणी देत नाही.

उत्तर चटपटीत झालं खरं, पण प्रश्न राहिलाच. पन्नास वर्षांत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, खानदेश, कुठून कुठून माणसं इथे आली. कुणाची पहिली खोली कुठे होती, पहिला पगार किती, कुठला कारखाना कधी बंद पडला, हे लिहिलेलं मला सापडत नाही. आठवीतल्या निम्म्या मुलांचे बाप या गेटांतून आत जातात. म्हणून इथे बस थांबणार नाही, पण बसमध्ये एक मुलगा माईक घेईल आणि आपल्या बाबांचा कारखाना दाखवेल. चार मुलांनी नावं दिलीत. एकाने काढून घेतलं, बाबा नको म्हणतात.

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात आत जाणं या वेळी नाही, परवानगीचा व्याप मोठा. रस्त्यावरूनच सांगणार. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या. १९६३ चा करार, २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीज, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. १९७४ ला पोखरणला चाचणी झाली आणि अमेरिकेकडून येणाऱ्या इंधनावरून वाद सुरू झाला. पुढे ते फ्रान्सकडून घ्यावं लागलं. म्हणजे वॉशिंग्टनमधल्या चर्चेचा परिणाम तारापूरवर होत होता. आणि तारापूरच्या निर्णयाचा? तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायच्या, असं मी ठरवलंय. एक अभिमानाची म्हणून आणि दुसरी तळटीप म्हणून सांगितली तर मुलं लगेच ओळखतात. पोफरणचीही मुलं शाळेत असतात.

बारा वाजून गेले. तारापूरचा किल्ला. याला तिकीटखिडकी नाही, फलकावर वेळ नाही, कारण ही कुणाची तरी वाडी आहे. आत झाडं आहेत, राखणदार आहे आणि रीतसर विचारावं लागतं. मला ते मनापासून पटतं. विचारल्याशिवाय आत जायचं नाही, हा धडा कुठल्याही म्युझियममध्ये काचेमागे मिळत नाही. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी इथे सुरुंग लावून तट फोडला. बाजी भिवराव रेठरेकर इथे पडले, पेशव्यांच्या अगदी जवळचा माणूस. पुढे पेशवाईच्या अखेरीस किल्ला तारापूरच्या विकाजी मेहरजी या पारशी मक्तेदाराकडे इनाम आला. त्याच घराण्यातल्या पेस्तनजींची पेढी निजामाच्या हैदराबादेत नावाजलेली होती आणि पेस्तनशाही रुपये त्यांच्याच नावाचे. पोर्तुगीज, मराठे, पारशी, आणि आज वाडी. मुलांना मी विचारणार: यातला ‘खरा’ किल्ला कुठला? उत्तर माझ्याकडेही नाही, पण भांडण चांगलं होतं.

राखणदारकाका म्हणाले, पन्नास पोरं एकदम नको, पंचवीस-पंचवीस आणा आणि झाडावर दगड नको. लिहून घेतलं.

अडीच वाजता चिंचणीत एका मैत्रिणीकडे जेवायला. थंडी पडली की तिच्याकडे उकडहंडी असते. हात धुऊन मी कागद काढते, कारण या सहलीतलं मला सगळ्यात प्रिय ठिकाण इथे आहे आणि इथे दाखवायला काहीच नाही. १९५५ साली चिंचणीत शेत नांगरताना ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त छापले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने संजाण मंडळाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब मुसलमान, अधिकाऱ्याकडे दिला होता. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत केलेलं रूप. या माणसाने लोकांसाठी दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या, भात-तूप मिळेल असं अन्नछत्र घातलं. आणि अण्णय्य नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला त्याच्या संमतीने जमीन मिळाली. हे सगळं संस्कृतात, तांब्यावर.

मुलांना हे नुसतं सांगितलं तर ‘गुड मॅम’ म्हणून वही मिटतात. सोपाऱ्याचंही तेच. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तिथला स्तूप उकरला. अस्थिपात्रं एशियाटिक सोसायटीत, अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात. वस्तू नीट राहिल्या हे खरंच, आणि आमच्या जिल्ह्यातल्या मुलाला त्या बघायला चर्चगेटपर्यंत लोकल धरावी लागते हेही खरंच. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, कचेऱ्या उभ्या राहिल्या. एखादी खोली अशा वस्तूंसाठीही निघाली असती तर बरं झालं असतं.

चार वाजता मैत्रीण मला शेजारच्या आळीत नेते. चिंचणी-वरोर पट्ट्यात घराघरांत सोन्याच्या दागिन्यांसाठी डाय कोरतात. खिडकीशी बसलेले एक काका, डोळ्याला भिंग, हातात छिन्नी. मी विचारलं, तांब्याच्या पत्र्यावर दोन ओळी कोरून द्याल का? अक्षरं मी आणते, छापील ठशावरून. ‘‘तांबं मऊ असतं,’’ ते म्हणाले, ‘‘लोखंडासारखं ताठ नाही, हात सरकेल.’’ मग त्यांनी कागद उलटा करून उजेडात धरला, पुन्हा सुलटा केला. मुलांना इथे आणलं तर कोरताना दाखवाल का, या प्रश्नाला त्यांनी दहा-दहाच्या टोळीने, असं उत्तर दिलं. दुसऱ्या रकान्यात: बस नाक्यावर, पाणी मैत्रिणीकडे.

केळवे-माहीम या वर्षीही राहिलं. माहिकावतीच्या बखरीसाठी वेगळा दिवस लागतो. राजवाड्यांनी ती १९२४ ला छापली, आणि ती घेऊन गेल्याशिवाय माहीम बघण्यात मला अर्थ वाटत नाही.

सहाला घरी. एसटीच्या सवलतीच्या अर्जावर शिक्का हवा, पालकांची संमतीपत्रं अजून अकरा यायची आहेत. मुख्याध्यापकांचा फोन, ‘‘मॅडम, यादीत म्युझियम एकही नाही.’’ मी यादी वाचून दाखवली. ते जरा थांबले आणि म्हणाले, जेवण कुठे?

साडेआठला चिंचणीच्या काकांचा फोन. ‘‘बाई, अक्षरं उलटी कोरू की सुलटी?’’ डाय नेहमी उलटी कोरतात, दागिन्यावर ती सुलटी उठते. मी सांगितलं, सुलटी. ओला कागद वरून ठोकून बसवायचा आणि शाई फिरवायची, लेख वाचणारे असेच ठसे घेतात, मुलंही घेतील.

‘‘सुलटी?’’ काका म्हणाले. ‘‘मग दोन दिवस जास्त द्या. हाताला सवय नाही.’’