मासिक पाळीशी निगडित भावनिक लक्षणांचे मूल्यमापन : स्मरण आणि दैनंदिन नोंद

प्रस्तावना :
मासिक पाळीपूर्वी जाणवणाऱ्या त्रासाचे वर्णन रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये ‘पाळीपूर्व ताण’ या नावाने केले. १९५३ मध्ये रेमंड ग्रीन व कॅथरिना डाल्टन यांनी ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ ही संज्ञा मांडली. तथापि, नाव देण्यापेक्षा ही लक्षणे विश्वसनीयपणे मोजणे अधिक कठीण ठरले.

स्मरणाधारित मापनाची मर्यादा :
रुडॉल्फ मूस यांच्या १९६८ मधील प्रश्नावलीसारख्या साधनांत स्त्रीला मागील पाळीचा अनुभव आठवून सांगावा लागतो. डायन रुबल यांच्या १९७७ मधील प्रयोगात पाळी साधारणतः तितक्याच अंतरावर असलेल्या विद्यार्थिनींपैकी काहींना ती एक-दोन दिवसांवर आल्याचे, तर काहींना ती अजून दूर असल्याचे सांगण्यात आले. पाळी जवळ आल्याचे मानणाऱ्या विद्यार्थिनींनी वेदना, अंगात पाणी साचणे यांसारखी लक्षणे अधिक प्रमाणात नोंदविली. त्रास खोटा असतो असा याचा अर्थ नाही. समजुतीचा प्रभाव नोंदीवर पडतो, एवढेच यातून सिद्ध होते.

दैनंदिन नोंदीचे महत्त्व :
२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीएसएम-५’ने पाळीपूर्व तीव्र भावनिक विकारास स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. त्यासाठी किमान पाच लक्षणे आवश्यक असून भावनिक चढउतार, चिडचिड, औदासीन्य व चिंता यांपैकी किमान एक त्यांत असावे लागते. निदानाच्या निश्चितीसाठी किमान दोन चक्रांची दैनंदिन नोंद अपेक्षित आहे. जीन एंडिकॉट व सहकाऱ्यांच्या नोंदपत्रिकेत प्रत्येक लक्षणास रोज १ ते ६ गुण दिले जातात. येथे लक्षणांच्या तीव्रतेइतकाच त्यांचा काळ महत्त्वाचा असतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढलेली लक्षणे पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरू लागली आणि नंतरच्या आठवड्यात जवळजवळ नाहीशी झाली, तरच हे निदान संभवते. लक्षणे महिनाभर टिकून केवळ पाळीपूर्वी बळावत असतील, तर नैराश्यासारख्या मूळ विकाराचा शोध घ्यावा लागतो. या भेदावर उपचारही अवलंबून असतात. पाळीपूर्व विकारात काही नैराश्यरोधक औषधे चक्राच्या केवळ उत्तरार्धात देता येतात; दीर्घकालीन नैराश्यात असे खंडित उपचार पुरेसे ठरत नाहीत.

समारोप :
‘पाळीचे दिवस आहेत’ असे म्हणून विद्यार्थिनीच्या रास्त संतापाची बोळवण करणे जितके अन्यायकारक, तितकेच तिच्या खऱ्या वेदनेकडे दुर्लक्ष करणेही घातक आहे. दोन महिन्यांची साधी दैनंदिन नोंद या दोन्ही चुका टाळण्यास साहाय्यभूत ठरते. मात्र आत्महत्येचे विचार व्यक्त होत असतील, तर नोंद पूर्ण होण्याची वाट न पाहता तत्काळ तज्ज्ञांचे साहाय्य घेणे अनिवार्य आहे.