चार्ट पेपरवरचे तीन उमेदवार

जेसल पार्कमधल्या आमच्या चौथीच्या वर्गात परवा निवडणुकीची धामधूम होती. बाकं भिंतीला सरकवली, फरशीवर चार्ट पेपर पसरले आणि स्केचपेनांची पळवापळवी सुरू झाली. निवडणूक कसली, ठाऊक आहे? १९६९ सालच्या राष्ट्रपतिपदाची!

"बाई, तेव्हा तर आमचे बाबासुद्धा जन्मले नव्हते!" एक जण म्हणाला. अरे, म्हणून तर ती निवडली. निकाल ठाऊक नसला की डोकं चालवावं लागतं.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचं निधन झालं. नव्या निवडणुकीत उमेदवार १५, पण मुख्य तिघेच. म्हणून वर्गाचे तीन गट केले. पहिला गट व्ही. व्ही. गिरी यांचा. रेल्वे कामगारांचे हे पुढारी उपराष्ट्रपतिपद सोडून अपक्ष उभे होते. या गटाने झोकात रेल्वेचं इंजिन काढलं. दुसरा गट नीलम संजीव रेड्डी यांचा. आंध्र प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री, लोकसभेचे माजी अध्यक्ष आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार. तिसरा गट आपल्या चिंतामणराव देशमुखांचा. महाडजवळच्या नाते गावचे, १९१२ साली मॅट्रिकला पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या पोस्टरवर अर्थातच नोट, आणि तिच्यावर त्यांची सही!

"बाई, राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पोस्टर्स आपल्या नाक्यावर का नसतात?" एका मुलीने विचारलं. प्रश्न आवडला मला. कारण तिथे आपले आई-बाबा मत देत नाहीत. त्यांनी निवडून दिलेले आमदार-खासदार देतात.

तेवढ्यात गिरींच्या गटातल्या एकाचं पोस्टर दिसलं. रेड्डींचं वेडंवाकडं चित्र आणि खाली, 'हा माणूस वाईट आहे!'

"हे तुला कुठून कळलं रे?"

"कुठूनच नाही बाई. पण पोस्टरवर असंच लिहितात ना?"

मग मी खडू खाली ठेवला आणि खरी गोष्ट सांगितली. १९६९ मध्येही रेड्डींची बदनामी करणारं एक पत्रक वाटलं गेलं होतं. त्यावर लिहिणाऱ्याचं नावच नव्हतं! निवडणुकीनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. राष्ट्रपती असूनही गिरी स्वतः साक्ष द्यायला न्यायालयात आले. १९७० मध्ये न्यायालयाने त्यांची निवड कायम ठेवली. पण बदनामी व्हायची ती होऊन गेली होती.

वर्ग गप्प झाला. मग मुलांनीच दोन नियम केले. एक, पुस्तकात दाखवता येईल तेवढंच लिहायचं. दोन, खाली स्वतःचं नाव घालायचं. लोकसभा-विधानसभेच्या प्रचारपत्रकांवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, असा कायदाही आहे, बरं का! आमच्या त्या पठ्ठ्याने कागद उलटला आणि मागच्या बाजूने नव्याने इंजिन काढायला घेतलं.

मतदान झालं. नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायचे, अगदी खऱ्यासारखे. मग मी खरा निकाल फळ्यावर लिहिला. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नव्हती. मागे पडलेल्यांना एकेक करून बाद केलं, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. (प्रत्येक आमदार-खासदाराच्या मताला ठरावीक मूल्य असतं, म्हणून आकडे एवढे मोठे!)

"मग रेड्डींचं पुढे काय झालं?" हे कुणी विचारलं असेल? त्याच पठ्ठ्याने!

१९७७ साली ते राष्ट्रपती झाले. तेही बिनविरोध!

त्याने हळूच आपला चार्ट पेपर उलटून पाहिला. मागचं चित्र तसंच होतं. "बाई, खोडरबर आहे?" त्याने विचारलं. स्केचपेन काही खोडरबराने जात नाही, दोस्तांनो. म्हणून आधी विचार करायचा आणि मगच टोपण उघडायचं!