नागपुरातले एमपीवाले

नागपूर वसवलं ते छिंदवाड्याकडच्या माणसानं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ साली नाग नदीकाठच्या वाड्या एकत्र करून हे शहर उभारलं आणि पुढे त्याचा मुलगा चांद सुलतान देवगड सोडून इथेच राहायला आला. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजूनं नागपुरात बिऱ्हाड हलवायची रीत तेव्हापासूनची, असं गमतीनं म्हणता येईल. फरक इतकाच, की राजाला कुणी डोमिसाईल मागितलं नव्हतं.

पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर, सौंसरहून सत्तरच्या आसपास. भोपाळ गाठायचं तर पांढुर्ण्याहून अडीचशेच्या पुढे. त्यामुळे आजाऱ्याला मेडिकलला न्यायचं असो, लग्नाचा बस्ता इतवारीत काढायचा असो, संत्र्याची गाडी कळमन्यात उतरवायची असो की पोराला अकरावीला टाकायचं असो, पाय दक्षिणेकडेच वळतात. आणि १९५६ पर्यंत हे नुसतं जवळचं शहर नव्हतं, ती आपली राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा मराठी पट्टा जिल्ह्यासोबत तिकडेच राहिला. माणसं जागची हलली नाहीत, नागपूर मात्र परराज्यात गेलं.

तरी राहायला हे शहर सोपं आहे. पुण्यात आपलं मराठी ऐकून समोरचा गालात हसतो. भोपाळमध्ये कागद सगळे चालतात, पण माणूस कायम 'मराठी' म्हणून वेगळा मोजला जातो. नागपुरात 'काहून', 'येऊन राहिलो', कोथिंबिरीला 'सांबार' हे सगळं तसंच्या तसं चालतं. भाड्यानं खोली बघायला गेलं की घरमालक आधी गाव विचारतो, मग आडनाव, आणि चहा येईपर्यंत काटोल, नरखेड किंवा सावनेरकडचं एखादं नातं निघतंच. बुटीबोरी, हिंगणा, मिहानमधल्या खासगी नोकरीत दहावी कुठल्या बोर्डाची हे सहसा कुणी विचारत नाही. शनिवारी निघून शेतात चक्कर मारता येते, बहार कसा धरलाय ते डोळ्यांनी बघता येतं. दुबईला किंवा बंगळुरूला गेलेल्याला हे सुख नाही. पांढुर्ण्याचे कित्येक जण तर बिऱ्हाड हलवतच नाहीत, रेल्वेनं अप-डाऊन करतात.

एक ओढाताण वर्षातून एकदा होतेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधल्या जाम नदीत गोटमार होते. पात्रात पळसाचं झाड रोवायचं आणि ते मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा मारा करायचा. दरवर्षी शेकडो जखमी होतात. शहरात शिकलेला पोरगा ऑफिसात या प्रथेला नावं ठेवतो आणि सुट्टी टाकून गावी जातो. मला यात विसंगती दिसते, पण त्याला दोष द्यावासा वाटत नाही.

खरी अडचण रस्त्यावर नाही, सरकारी कचेरीच्या खिडकीवर आहे. जातीच्या दाखल्याचंच घ्या. महार असोत की गोंड, दोन्ही राज्यांच्या याद्यांत आहेत. तरीही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्याला नव्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये स्पष्ट केलं. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशाचं ते प्रकरण होतं, आणि २०१८ मध्ये घटनापीठानंही तीच भूमिका कायम ठेवली. केंद्राच्या नोकऱ्यांत, म्हणजे रेल्वेत, टपालात, मध्य प्रदेशचा दाखला देशभर चालतो. महाराष्ट्र सरकारच्या भरतीत तोच माणूस खुल्या प्रवर्गात बसतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या दिवशीचं वास्तव्य बघतात, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ चं. आता गंमत बघा. १० ऑगस्ट १९५० ला सौंसर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. दाखला तपासणारा मात्र आजचा नकाशा समोर ठेवतो.

सगळ्यात अवघड निर्णय मुलाच्या दहावीआधीचा. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाईल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून व्हावी लागतात. डोमिसाईलसाठी साधारण १५ वर्षांचं वास्तव्य. आपल्याकडचा ठरलेला रस्ता काय? दहावी गावात, अकरावीपासून नागपुरात क्लास. म्हणजे इथला दरवाजा बंद झालाच. उरतो मध्य प्रदेशचा कोटा, त्यासाठी तिकडचा मूल निवासी दाखला जपावा लागतो. त्यातही मध्य प्रदेशनं एमबीबीएसच्या ५ टक्के जागा सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. सौंसरच्या सरकारी शाळेतून हुशार पोरगी काढून नागपूरच्या महागड्या कॉलेजात घालणाऱ्या बापानं हा हिशेब आधी करावा. बहुतेक बाप तो बारावीच्या निकालानंतर करतात.

बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलांना मात्र महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत वेगळी वाट आहे, कारण ती ८६५ गावं महाराष्ट्राच्या लेखी वादग्रस्त सीमाभाग आहेत. आमच्या पट्ट्याचा तसा वाद नाही. वाद नाही म्हणून सवलत नाही. भांडण न करण्याचा हा तोटा कुणी मोजत नाही.

रोटी-बेटीचा व्यवहार तर सीमा जुमानतच नाही. वरुडची मुलगी पांढुर्ण्यात येते, सौंसरची सावनेरला जाते. पण आरक्षण माहेरच्या राज्याचंच राहतं, लग्नानं ते बदलत नाही. योजनांचं गणित आणखी निराळं. मध्य प्रदेशची लाडली बहना २०२३ मध्ये महिना १००० रुपयांनी सुरू झाली, महाराष्ट्राची लाडकी बहीण २०२४ मध्ये १५०० रुपयांनी. परराज्यात जन्मून महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न केलेल्या बाईला इकडे नवऱ्याच्या कागदांवर अर्ज करता येतो. पण नवरा-बायको दोघं पांढुर्ण्याचे आणि खोली नागपुरात, अशा घराला लाडकी बहीण लागू नाही. रेशन देशात कुठेही उचलता येतं, आयुष्मान कार्डही यादीतल्या रुग्णालयात चालतं. गाडीला ती सोय नाही. एमपी २८ पाटीची मोटारसायकल १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नंबर बदलून घ्यावा लागतो.

मतदार यादीत नाव राहत्या जागी असावं, असा कायदा. आपली माणसं ते गावातच ठेवतात, कारण शेती, पंचायत आणि भावकी तिथे आहे. विधानसभेला मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदान झालं, महाराष्ट्रात बरोबर वर्षानंतर. लोकसभेला छिंदवाडा आणि नागपूर, दोन्हीकडे १९ एप्रिल २०२४ हाच दिवस. ज्या शहराचे रस्ते, नळ आणि शाळा रोज वापरायच्या, त्याच्या नगरसेवकाच्या दृष्टीनं मग आपण नसल्यातच जमा. नळावरून आठवलं. नागपूर ज्या कन्हान आणि पेंचचं पाणी पितं, त्या दोन्ही नद्या छिंदवाड्याकडून येतात. २०१९ च्या उन्हाळ्यानंतर पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं, तेव्हा वर चौराईला बांधलेल्या धरणाकडे बोटं दाखवली गेली. त्या दिवसांत एमपीवाल्यांना टपरीवर बरंच ऐकून घ्यावं लागलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. कलेक्टर आता पांढुर्ण्यातच बसतात, छिंदवाड्याची खेप वाचली. तेव्हा नागपूरला निघण्याआधी लोकसेवा केंद्रात जाऊन मूल निवासी आणि जातीचा दाखला काढून घ्यावा, मध्य प्रदेशच्या समग्र आयडीची ई-केवायसी करून ठेवावी. इथे आल्यावर भाडेकरार पहिल्या महिन्यापासून रीतसर नोंदवावा, विजेचं बिल आणि मुलांच्या शाळेचे कागद सांभाळून ठेवावेत. पंधरा वर्षांनी डोमिसाईल मागायला सेतूत गेलं की तिथला माणूस हेच मागतो.