‘हे मला जमेल’

तरुणांचा विकास म्हटला की आपण दूध, व्यायाम आणि सुविचार यांवर थांबतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवले. ‘हे मला जमेल’ असा विश्वास असला, तर माणूस अडचणीतही नेट सोडत नाही. आणि तो विश्वास उपदेशापेक्षा स्वतः पार पाडलेल्या कामातून येतो. आपल्यासारख्याच कुणाला जमलेले पाहूनही येतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे आधीच ओळखले होते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात नाना जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकही आपणच करीत, श्रम करून शिकत. नुसत्या श्रमाने मात्र हे साधत नाही. माझी आई जन्मभर खुरपते आहे. पण कोणत्या शेतात, किती रोजाने, हे तिला कुणी विचारलेले नाही. (कष्टाचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.) कामात आपला शब्द चालावा लागतो.

‘कमवा व शिका’ योजनेत मी ग्रंथालयात काम करते. नव्या पुस्तकांच्या नोंदी कशा लावायच्या, हे आता मलाच विचारतात. मला पाहूनच की काय, धाकट्या बहिणीने यंदा अकरावीचा अर्ज आपणच भरला आणि शाखाही तिची तिनेच निवडली.