घर सरळ, चित्र वाकडे

1955 साली भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला आणि त्यातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 1959 च्या फेब्रुवारीत झाले. सेक्टर 10 हा या कारखान्याच्या वसाहतीचाच एक भाग. येथील क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि बहुधा नोकरीबरोबरच सोडावे लागते. जाण्यापूर्वी त्या वास्तूचे एखादे छायाचित्र असावे, असे घरच्या मंडळींना वाटले तर नवल नाही. परंतु डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले चित्र पाहताच ती म्हणतात, ‘हे आपले घर नव्हे!’ भिंती मागे कललेल्या, छपराची रेघ वाकलेली, पांढरा चुना निळसर. कॅमेरा बिघडला की काय?

बहुधा तसे नसते. कॅमेऱ्यातील संवेदक भिंतीला समांतर असेल, तर भिंत खालपासून वरपर्यंत एकाच प्रमाणात उमटते. छप्पर चित्रात यावे म्हणून कॅमेरा वर कलविला, की ही समांतरता मोडते. वरचा भाग लहान होतो आणि उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. मान वर करून पाहणाऱ्या माणसालाही तसेच दिसते. पण भिंत सरळ आहे हे मनाला ठाऊक असल्यामुळे ते मनोमन दुरुस्ती करून घेते. कॅमेऱ्याला मन नसते.

यावर पहिला उपाय पावलांचा आहे. समजा, घर सहा मीटर उंच आहे. चार मीटरांवरून ते टिपण्यासाठी कॅमेरा कलवावाच लागेल. बारा मीटरांवर गेल्यास साधारण रुंद कोनाच्या भिंगातही, कॅमेरा अगदी सपाट धरून, सबंध घर मावते. खाली जास्त आलेला रस्ता मागाहून कापता येतो. मागे सरायला जागा नसेल, तर समोरच्या घराची गच्ची कामी येते. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यात काच उभीच ठेवून केवळ भिंग वर सरकवीत, युक्ती तीच.

छपराची रेघ वाकते ती भिंगाच्या दोषामुळे, विशेषतः चौकटीच्या कडेला. तेव्हा घर मध्यावर ठेवावे आणि अतिरुंद कोन टाळावा. निळसरपणा सावलीचा असतो. रंगसंतुलन ‘सावली’वर ठेवल्यास चुना पुन्हा पांढरा दिसतो. भिंतीभोवती आकाशात उजळ कड दिसत असेल, तर ती कॅमेऱ्याने रेषा फाजील ठसठशीत केल्याची खूण समजावी. ती मात्रा कमी करावी.

संगणकावर रेषा सरळ करता येतात. पण त्यासाठी वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापल्या जातात. शिवाय उंच इमारत पूर्ण सरळ केली, तर ती वर रुंद होत गेल्यासारखी भासते. म्हणून किंचित झुकाव राहू द्यावा.

घर सोडून गेल्यावर पुन्हा पाहायला उरते ते चित्रच. त्यासाठी आठ पावले मागे जाणे काही जड नाही.