वाऱ्याचे माप

रायपूरच्या समता कॉलोनीतील एखाद्या घराच्या गच्चीवर वायुवेगमापक बसविला, तर तो वाऱ्याचा वेग दाखवील. पण तो वेग रायपूर शहराचा म्हणता येणार नाही. भोवतालच्या इमारती आणि झाडे वाऱ्याला अडवितात, वळवितात, कोठे चिंचोळ्या वाटेत कोंडून त्याला जोरही आणतात. म्हणून हवामानशास्त्रज्ञ हे उपकरण मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर उभारतात. अडथळ्यापासूनचे अंतर त्याच्या उंचीच्या दसपट तरी असावे, असा दंडक आहे.

जागा उत्तम मिळाली, तरी उपकरण खरे सांगते काय? आयर्लंडचे थॉमस रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचा वायुवेगमापक तयार केला. वाट्या केवढ्याही असोत, त्या वाऱ्याच्या एकतृतीयांश वेगाने फिरतात, असे त्यांचे मत होते. ते चुकीचे निघाले. हे प्रमाण वाट्यांच्या आकारावर आणि दांड्यांच्या लांबीवर अवलंबून असते. तोवर अनेक वेधशाळांत वाऱ्याचा वेग प्रत्यक्षाहून जास्त नोंदला गेला होता.

वाट्यांना आणखी एक खोड आहे. झोत येताच त्या चटकन वेग घेतात. तो ओसरल्यावर मात्र सावकाश मंदावतात. साहजिकच झोतांच्या वाऱ्यात सरासरी थोडी फुगते. उलट, धूळ शिरून बेअरिंग जड झाले की ती घटते. श्राव्यातीत ध्वनीवर चालणाऱ्या उपकरणात फिरणारा भागच नसतो. ध्वनीला जाण्यास व परत येण्यास लागणाऱ्या वेळांतील फरकावरून ते वेग काढते. पण जोराच्या पावसात थेंब त्याच्या कामात व्यत्यय आणतात.

दोहोंची तुलना करताना ती एकाच खांबावर, एकाच उंचीवर, आडव्या दांडीच्या दोन टोकांना बसवितात आणि दहा-दहा मिनिटांच्या सरासऱ्या ताडून पाहतात. एखादे उपकरण खांबाच्या आडोशाला आले असेल, त्या वेळच्या नोंदी वगळतात. आकडे जुळले म्हणजे दोन्ही अचूक, असे मात्र नव्हे. दोन्ही सारखीच चुकत असतील! यासाठी त्यांची परीक्षा वातविवरात, म्हणजे ठरावीक वेगाने हवा सोडलेल्या बंदिस्त बोगद्यात, आधीच घ्यावी लागते.

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. अशा ठिकाणी लहानशी चूकही महागात पडते, कारण वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग सेकंदाला ६ मीटर असताना उपकरणाने ६.६ दाखविला, तर चूक १० टक्क्यांची. शक्तीचा अंदाज मात्र ३३ टक्क्यांनी जास्त येतो. कर्ज काढून पवनचक्की उभारणाऱ्याचा सारा हिशेब त्यामुळे कोलमडू शकतो. म्हणून आधी निदान वर्षभर तेथील वारा मोजतात, आणि खाली उतरविलेले उपकरण पुन्हा वातविवरात तपासून पाहतात.